मांचूंच्या वाटेने : शेनयांग ते चेंगदे

चीनला जाणारे बहुतेक लोक बीजिंगला उतरतात, राजवाडा आणि भिंत उरकतात आणि शांघाय गाठतात. आम्ही बीजिंग मागे ठेवलं. मांचू ज्या वाटेने आले त्या वाटेने जायचं ठरवलं होतं : आधी शेनयांग, मग शानहायग्वान, मग बीजिंग आणि शेवटी डोंगरातलं चेंगदे. काही लाखांची एक जमात दहा कोटींहून जास्त हान चिन्यांवर १६४४ ते १९१२ इतका काळ राज्य करते, हे जमलं कसं, हे मला त्यांच्या जागांवर जाऊन बघायचं होतं. "प्रश्न तुमचा आणि पाय दुखणार माझे," असं म्हणत बायको तयार झाली.

पहिला दिवस : शेनयांग

शेनयांगचा राजवाडा सहाएक हेक्टरांचा. बीजिंगचा याच्या बारापट. पण मांचू मुळात कोण होते हे कळायला हीच जागा बरी, कारण इथे राहत होते तेव्हा ते अजून चीनचे सम्राट झालेले नव्हते.

नुरहाची हा जुर्चेन जमातीतला (मांचूंचं तेव्हाचं नाव) एक लहानसा सरदार. १५८३ मध्ये चीनवर तेव्हा राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या सैन्याच्या एका कारवाईत त्याचे आजोबा आणि वडील मारले गेले. पुढची तीसेक वर्षं त्याने आसपासच्या टोळ्या एकेक करून ताब्यात घेतल्या, १६१६ मध्ये स्वतःला खान म्हणवलं, १६१८ मध्ये मिंगांविरुद्ध सात तक्रारींची यादी जाहीर करून युद्ध पुकारलं आणि १६२५ मध्ये राजधानी इथे आणली. पुढच्याच वर्षी तो वारला. वाडा पुरा केला तो मुलाने, होंग ताइजीने.

पूर्वेकडच्या चौकात शिरलो आणि तिथेच थबकलो. समोर अष्टकोनी सभागृह, पुढच्या दोन खांबांना विळखा घातलेले सोनेरी ड्रॅगन. तिथून दोन्ही बाजूंना पाच-पाच छोटे मंडप, पुढे येताना एकमेकांपासून लांब सरकत गेलेले. हे काही दरबाराचं बांधकाम वाटत नाही. मधे खानाचा तंबू आणि दोन बाजूंना सरदारांचे, अशी छावणी कुणीतरी विटा-लाकडात उभी केली आहे. दहांपैकी आठ मंडप आठ झेंड्यांचे.

हे आठ झेंडे म्हणजे मांचू सत्तेचा कणा. पिवळा, पांढरा, लाल, निळा, आणि याच चार रंगांचे किनारवाले आणखी चार. तीनशे पुरुषांची एक तुकडी धरली जाई, अशा पंचवीस तुकड्यांचा एक झेंडा. पण हे फक्त लष्कर नव्हतं. बायकापोरं, गुरं, गडीमाणसं, जमीन, सगळ्याची नोंद झेंड्यातच. माणूस जन्माला झेंड्यात येई आणि मरेही झेंड्यातच. रक्ताच्या नात्याने बांधलेल्या टोळ्या मोडून त्यांचं असं हिशेबी सैन्य करणं ही नुरहाचीची खरी करामत. पुढे होंग ताइजीने मंगोलांचे आठ झेंडे केले आणि १६४२ पर्यंत शरण आलेल्या हान लोकांचेही आठ पूर्ण झाले. म्हणजे चीनवर चालून गेलेल्या सैन्यात मंगोल होते, हानही होते. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पहिल्याच दिवशी त्या चौकात मिळालं.

होंग ताइजी सुरुवातीला एकटा गादीवर बसत नसे. आणखी तीन वडीलधारे राजपुत्र त्याच्या शेजारी, त्याच्याच पातळीवर बसायचे. १६३२ मध्ये त्याने ते बंद केलं. १६३५ मध्ये जुर्चेन हे नाव टाकून आपल्या लोकांना मांचू म्हणायचा हुकूम काढला, आणि १६३६ मध्ये राज्याचं नाव ठेवलं महान छिंग. चार वर्षांत टोळीप्रमुखाचा सम्राट झाला.

मागच्या अंगाला छिंगनिंग महाल, राजाराणीचं राहतं घर. दार मधोमध नसून एका कडेला. आत तीन भिंतींना लागून विटांचे रुंद ओटे, खालून धूर फिरवून तापवायचे. दाराशी भल्यामोठ्या कढया, बळीचं डुक्कर शिजवायला. आणि अंगणात एक उंच लाल खांब, वर कथलाचं भांडं. पूजा झाली की त्यात धान्य आणि आतड्याचे तुकडे ठेवायचे, कावळ्यांसाठी. नुरहाची जीव घेऊन पळत असताना कावळ्यांनी त्याला वाचवलं अशी दंतकथा आहे.

"पितृपक्षातला घास," बायको म्हणाली. फरक एवढाच, की आपल्याकडे कावळा शिवायची वाट बघत बसावं लागतं. इथे खांब उभारला की काम झालं.

दुसरा दिवस : उत्तरेची समाधी

सकाळी होंग ताइजीच्या समाधीला गेलो. आता तिथे मोठी बाग आहे. आजोबालोक चाबकाचे फटकारे मारून लोखंडी भोवरे फिरवत होते, त्या आवाजाने आधी आम्ही दचकलो. आत दगडी प्राण्यांची रांग आहे, त्यातले दोन घोडे त्याच्या लाडक्या घोड्यांचे, थोरला पांढरा आणि धाकटा पांढरा. बाकी जागा सुंदर, पण सांगण्यासारखं फार नाही. होंग ताइजी १६४३ च्या सप्टेंबरात अचानक गेला. ज्या बीजिंगसाठी सगळी तयारी केली, ते त्याच्या मुलाला नऊ महिन्यांत मिळालं. मुलगा होता सहाव्या वर्षात. कारभार बघत होता काका, दोरगोन.

संध्याकाळी हायस्पीड रेल्वेने शानहायग्वान. तिकिटाऐवजी पासपोर्टच चालतो, फक्त परदेशी पासपोर्टला बहुतेक वेळा माणूस बसलेल्या फाटकातून जावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

तिसरा दिवस : शानहायग्वान

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हा किल्ला, १३८१ चा. भिंत इथे खरोखरच पाण्यात शिरते. त्या टोकाला 'म्हाताऱ्या ड्रॅगनचं डोकं' म्हणतात. आज दिसतं ते १९८० च्या दशकात पुन्हा बांधलेलं. आधीचं १९०० मध्ये आठ देशांच्या फौजांनी मोडलं होतं.

आमच्या शाळेच्या पुस्तकात चीनची भिंत शत्रूला अडवायला बांधली एवढंच होतं. पण मांचू भिंत फोडून आले नाहीत. त्यांना दार उघडून आत घेतलं.

१६४४ च्या एप्रिलात शेतकऱ्यांचा बंडखोर पुढारी ली त्सचेंग बीजिंगमध्ये घुसला. शेवटच्या मिंग सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. मिंगांचं उरलेलं सर्वांत चांगलं सैन्य इथे होतं, सेनापती वू सानग्वेईकडे. पुढे बंडखोर आणि मागे मांचू. त्याने दोरगोनला पत्र लिहून मदत मागितली. दोरगोनने मदतनीस व्हायचं नाकारलं आणि मालक होऊन आला. २७ मेला लढाई झाली. मांचूंनी शत्रू समजून कापू नये म्हणून वूच्या सैनिकांनी खांद्याला पांढऱ्या चिंध्या बांधल्या होत्या. धुळीचं वादळ सुटलं होतं, त्यातून मांचू घोडदळ ली त्सचेंगच्या बाजूवर तुटून पडलं. दहाच दिवसांनी दोरगोन बीजिंगमध्ये होता.

वूने हे का केलं? लोककथा सांगते की बंडखोरांनी त्याची आवडती रखेल पळवली म्हणून. किल्ल्यातल्या गाइडसुद्धा हेच रंगवून सांगतात. मला तो माणूस सरळ हिशेबी वाटतो. याच वूने १६६२ मध्ये ब्रह्मदेशातून आणलेल्या शेवटच्या मिंग दावेदाराला मारलं, दक्षिणेत जवळजवळ स्वतंत्र राज्य थाटलं, आणि सम्राट कांगशी ते काढून घेतोय असं दिसताच १६७३ मध्ये मांचूंविरुद्धही उठला. (रायगडावर राज्याभिषेक झाला तो याच बंडाच्या धामधुमीत, १६७४ मध्ये.) १६७८ मध्ये त्याने स्वतःला सम्राट घोषित केलं आणि त्याच वर्षी मेला. बंड मोडायला कांगशीला १६८१ उजाडलं. ज्याने राज्य मिळवून दिलं त्याच्यापायी ते जायची वेळ आली होती.

तटावर वारा भन्नाट. बायकोने टोपी सांभाळत विचारलं, "मग बाकीच्या चिन्यांनी हे चालवून कसं घेतलं?"

सगळ्यांनी नाही घेतलं. १६४५ मध्ये दोरगोनचा हुकूम निघाला : प्रत्येक पुरुषाने दहा दिवसांत कपाळाकडचे केस भादरून मागे मांचू पद्धतीची वेणी ठेवायची. 'डोकं ठेवायचं तर केस नाहीत, केस ठेवायचे तर डोकं नाही,' अशी ती धमकी लोकांच्या तोंडी झाली. जी गावं राजवट बदलली तरी गप्प होती ती केसांवरून पेटली, कारण आईबापांनी दिलेलं शरीर जपणं हा कन्फ्यूशियसच्या शिकवणीतला धर्म. च्यांगयिन हे यांगत्सेकाठचं गाव जवळपास तीन महिने लढलं आणि मग कापलं गेलं. यांगझोउ शहरात मांचू सैन्याने केलेली कत्तल त्याआधीची, त्याच वर्षीच्या मे महिन्यातली. चिनी माणूस म्हटला की जुन्या चित्रांत लांब वेणी दिसते, ती मुळात या तलवारीखालची.

चौथा दिवस : बीजिंगचा राजवाडा

तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, सोमवारी बंद. गर्दीचं वर्णन करत नाही.

दर्शनी भागातली तीन प्रचंड सभागृहं मी भराभर ओलांडली. तिथे सम्राट म्हणजे कन्फ्यूशियसच्या चालीने वागणारा स्वर्गपुत्र, मिंगांसारखाच. मला मागचा खुनिंग महाल बघायचा होता. आत सोडत नाहीत, काचेला दोन्ही हात लावून डोकवावं लागतं. बाजूने दोघीजणी सेल्फी काढत होत्या, मी काचेवर वाफ धरून उभा. आत अंधारात हळूहळू दिसलं : कडेला असलेलं दार, भिंतींना लागून ओटे, आणि त्या कढया. शेनयांगचं घर जसंच्या तसं. मिंगांच्या राणीचा हा महाल मांचूंनी १६५५-५६ मध्ये आपल्या पूजेसाठी पाडून-बांधून घेतला. इथे रोज डुकरांचा बळी पडे. मोठ्या पूजेला दरबाऱ्यांनाही बिनमिठाचं उकडलेलं मांस प्रसाद म्हणून खावं लागे. पुढच्या दालनात ग्रंथवचनं आणि मागे हे. बाहेरच्या हान मंडळींना यातलं फारसं दिसतच नसे.

छ्येनछिंग महालात सिंहासनाच्या वर एक पाटी आहे. योंगझेंग सम्राटाने १७२३ मध्ये पद्धत घातली, की वारसाचं नाव लिहून पेटीत घालायचं आणि ती पेटी या पाटीमागे ठेवायची. थोरल्या मुलालाच गादी हा नियम मांचूंचा नव्हता, त्यामुळे प्रत्येक वेळी भावाभावांत जुंपे. योंगझेंगने स्वतः ते भोगलं होतं.

कारभाराचं सूत्र मात्र सोपं. सहा खाती, प्रत्येकाला दोन प्रमुख, एक मांचू आणि एक हान. काम हान करतो, लक्ष मांचू ठेवतो. अर्ज लिहिताना हान मंत्री स्वतःला 'सेवक' म्हणवी, मांचू मंत्री स्वतःला 'गुलाम' म्हणवी. आणि गुलाम म्हणवून घेणं हा मान होता! मालकाच्या घरातला माणूस तो. हान मंत्र्याला तसं लिहायची सोय नव्हती.

पाचवा दिवस : मेट्रो दोन आणि लामांचं देऊळ

बीजिंगची मेट्रो लाइन दोन ही जुन्या तटाच्या जागेवरून गोल फिरते. तट पाडूनच ती केली. १६४८ मध्ये या तटाच्या आतल्या सगळ्या हान रहिवाशांना दक्षिणेच्या बाहेरच्या शहरात हाकललं आणि आतलं शहर आठ झेंड्यांना वाटून दिलं. म्हणून आम्ही एक अख्खी फेरी मारली, तीन-चार युआनांत. आनदिंगमेन : किनारवाला पिवळा. दोंगझिमेन : साधा पांढरा. चाओयांगमेन : किनारवाला पांढरा. छोंगवेनमेन : साधा निळा. श्वेनवूमेन : किनारवाला निळा. फूचेंगमेन : किनारवाला लाल. शिझिमेन : साधा लाल. साधा पिवळा देशेंगमेनला, त्या वेशीचा बुरूज जिशुइतान स्टेशनाजवळ अजून उभा आहे. समोर बसलेल्या आजी बायकोकडे बघून हसत होत्या. मी प्रत्येक स्टेशनाला वहीत टिपतोय हे त्यांना गमतीचं वाटलं असावं.

झेंडेवाल्यांना सरकारातून चांदी आणि धान्य ठरलेलं. शेती, धंदा, कारागिरी करायची नाही, हान घरात लग्न करायचं नाही. शंभर वर्षांत लढाया संपल्या, माणसं वाढली, वेतन तेवढंच. अठराव्या शतकाच्या मध्यापासूनच कित्येक घरं कर्जात होती. धनुष्य गहाण टाकून रातकिड्यांच्या झुंजी बघणारा झेंडेवाला ही बीजिंगच्या गप्पांतली नेहमीची टिंगल. मला ती पटत नाही. ज्याला सरकारच दुसरं काही करू देत नव्हतं, त्याला ऐतखाऊ म्हणणं सोपं आहे.

दुपारी योंगहगोंग. योंगझेंगचा राजपुत्र असतानाचा वाडा, १७४४ पासून तिबेटी पंथाचा मठ. एकाच चंदनाच्या खोडातला अठरा मीटरचा मैत्रेय बघायला झुंबड असते. मी मात्र अंगणातल्या चौकोनी शिलालेखापाशी रेंगाळलो. चार बाजूंना चार भाषा : मांचू, चिनी, मंगोल, तिबेटी. १७९२ मध्ये छिएनलोंग सम्राटाने तो लिहवला. त्यात तो चक्क सांगतो, की तिबेटी बौद्धांच्या पीत पंथाला मी आश्रय देतो तो मंगोलांना शांत ठेवण्यासाठी. राजकारण इतक्या उघडपणे दगडात कोरून देवळाच्या अंगणात उभं केलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. तेही मंगोल आणि तिबेटी भाषांत, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनाही वाचता यावं!

पलीकडच्या गल्लीत कन्फ्यूशियसचं देऊळ. तिथे राजधानीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या नावांच्या १९८ शिळा, पन्नास हजारांवर नावं. हान पंडितांना मांचूंनी हे दार बंद केलं नाही, त्यामुळे केस कापून घेतलेल्या आजोबाचा नातू इथे नाव कोरून घ्यायला धडपडत असे. दोन पिढ्यांत राग विरला तो असा.

सहावा दिवस : जळलेली बाग

युआनमिंगयुआन, सम्राटांची उन्हाळी बाग. दुसऱ्या अफूयुद्धात, १८ ऑक्टोबर १८६० ला, इंग्रज वकील लॉर्ड एल्गिनच्या हुकुमाने जाळली. पांढऱ्या दगडाचे मोडके खांब उरलेत ते युरोपीय धाटणीच्या महालांचे. लाकडी होतं ते सगळं गेलं. चिनी शाळकरी मुलांच्या रांगा होत्या, शिक्षिका तावातावाने सांगत होत्या. आम्ही जरा अंग चोरूनच उभे राहिलो. एल्गिनच्या फौजेत पंजाबी पलटणी आणि हिंदी घोडदळ होतं. आणि ज्या अफूवरून १८३९ मध्ये पहिलं युद्ध झालं, त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच कँटनला जायची. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती बऱ्याच अंशी या व्यापारातली. जे. जे. रुग्णालयावरून जाताना हे आठवत नाही, इथे आठवलं. एल्गिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि धरमशालेत वारला.

बाग जळत होती तेव्हा दक्षिणेत ताइपिंगांचं बंड चालू होतं, १८५१ ते १८६४. मांचूंना राक्षस म्हणणाऱ्या त्या बंडात कोट्यवधी माणसं मेली. ते मोडलं कुणी? झेंड्यांनी नाही. झेंग ग्वोफानसारख्या हान अधिकाऱ्यांनी आपापल्या प्रांतात उभारलेल्या सैन्यांनी. त्या दिवसापासून तलवार मांचूंच्या हातून गेली. पुढची पन्नास वर्षं राज्य टिकलं ते हान अधिकाऱ्यांनी टिकू दिलं म्हणून.

सातवा दिवस : चेंगदे

बीजिंगहून रेल्वेने तासाभरात. कांगशीने १७०३ मध्ये इथे उन्हाळी मुक्कामाची जागा बांधायला घेतली, छिएनलोंगने १७९२ पर्यंत वाढवली. दरवाजावरची पाटी पाच लिप्यांत : मांचू, चिनी, मंगोल, तिबेटी आणि मध्य आशियातल्या तुर्की मुसलमानांची. आतलं मुख्य सभागृह नानमू लाकडाचं, बिनरंगाचं. रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे लाकडाचा वास सुटला होता. बीजिंगच्या लाल-सोनेरी झगमगाटानंतर हे फार बरं वाटलं.

हान पंडितांसाठी बीजिंग होतं, चेंगदे उत्तरेच्या मंडळींसाठी. मंगोल सरदारांना बीजिंगला यायची भीती, देवीची साथ. ते इथे येत. तंबू ठोकून मेजवान्या, कुस्त्या, जवळच्या मूलानच्या रानात शिकार. १७९३ मध्ये इंग्लंडचा वकील मॅकार्टनीसुद्धा इथल्याच एका तंबूत छिएनलोंगला भेटला आणि जमिनीला डोकं न टेकवता एका गुडघ्यावर बसला.

तटाबाहेर देवळं. ल्हासाच्या पोताला महालाच्या धर्तीवरचं सर्वांत मोठं, १७६७ ते १७७१ मधलं. चढण चांगलीच आहे. जवळच १७८० चं दुसरं, सहावे पंचेन लामा छिएनलोंगच्या सत्तरीला येणार म्हणून बांधलेलं. तिबेटी लोकांसाठी हा सम्राट मंजुश्री बोधिसत्त्वाचा अवतार होता, आणि तशी त्याची थांग्का, म्हणजे कापडावरची तिबेटी धार्मिक चित्रंही आहेत. पूनिंग मंदिर मात्र १७५५ चं, झुंगार मंगोलांवरच्या विजयाचं. नंतर ते पुन्हा उठले तेव्हा छिएनलोंगने त्यांना कापून काढण्याचे हुकूम दिले. कत्तल आणि देवीची साथ यांत ती जमात जवळपास संपली. १७७१ मध्ये व्होल्गाकाठचे तोर्गुत मंगोल परत आले, निम्म्याहून जास्त वाटेत मेलेले, तेव्हा त्यांना वसवायला मोकळी जमीन होती ती झुंगारांची. त्यांच्या स्वागताचे लेख पोतालाच्या प्रतिकृतीत उभे आहेत. सोनेरी कौलांचं कौतुक करताना मी तेवढा भाग बायकोला वाचून दाखवला, मग आम्ही बराच वेळ बसून राहिलो. पाय दुखत होते हेही खरं.

आठवा दिवस : चेंगदे, परतीची तयारी

सकाळी शियानफेंग सम्राटाची खोली पाहिली. बाग जळताना तो इथे पळून आला होता, इथेच इंग्रज-फ्रेंचांच्या तहांना मान्यता दिली आणि १८६१ च्या ऑगस्टात इथेच मेला. मुलगा पाच वर्षांचा. आठ मंत्री पालक नेमले होते. मुलाची आई त्सशी हिने थोरल्या राणीला आणि दिराला हाताशी धरून तीन महिन्यांत त्यांना बाजूला केलं.

आमच्या टॅक्सीवाल्याच्या ओळखपत्रावर 'मांचू' लिहिलेलं होतं. फोनवरच्या भाषांतराने विचारलं, भाषा येते का? तो हसला. आजोबांनासुद्धा येत नव्हती. आज चीनमध्ये मांचू म्हणून नोंदलेले लोक कोटीभर आहेत, घरात ही भाषा बोलणारे मात्र अगदी मूठभर म्हातारे. १९११ च्या ऑक्टोबरात शिआनमध्ये झेंडेवाल्यांच्या वस्तीत कत्तल झाली, त्यानंतर अनेकांनी आडनावं बदलून हान नावं घेतली. आइसिन गियोरोचे जिन झाले, ग्वालगियाचे ग्वान.

परतताना पुन्हा त्या पाच लिप्यांच्या दरवाजाखालून आलो. १२ फेब्रुवारी १९१२ ला सहा वर्षांच्या शेवटच्या सम्राटाच्या, पू यीच्या वतीने राजमाता लोंगयूने राजत्यागाचं फर्मान काढलं. त्यात मांचू, हान, मंगोल, हुइ (मुसलमान) आणि तिबेटी अशा पाच लोकांचा सगळा मुलूख मिळून एक प्रजासत्ताक, असं लिहिलं आहे. काही वर्षं आधी 'तार्तरांना', म्हणजे मांचूंना, 'हाकला' म्हणणाऱ्या क्रांतिकारकांनी ते लगेच उचललं. मंगोलियाने आदल्या डिसेंबरातच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, दलाई लामांनी १९१३ मध्ये केलं. दोघांचं म्हणणं साधारण सारखंच : आमचं नातं छिंग सम्राटाशी होतं, तुमच्याशी नव्हे.

"म्हणजे दिलं कुणी, घेतलं कुणी, आणि विचारलं कुणालाच नाही," बायको म्हणाली.

"हान लोकांनाही १६४४ मध्ये कुणी विचारलं नव्हतं," मी म्हटलं. यावरून बीजिंगपर्यंत आमचं भांडण चाललं.